मार्लथॉर्पच्या मिरवणुकीतलं अंतर

मार्लथॉर्पला एकेकाळी पाच धंदे होते आणि त्या पाचांचा गावाला अजूनही भारी अभिमान. इंग्लंडमधल्या लीड्सहून ट्रेनमध्ये बसलं की हातातली कॉफी संपायच्या आत हे गाव येतं आणि स्टेशनबाहेर पहिली दिसते ती पाटी: लोकर, बिअर, दोरखंड, हातमोजे आणि चामडं. कुठल्याशा राजाने इथे बुधवारचा बाजार भरवायची सनद दिली, त्या बाजाराच्या जिवावर हे धंदे वाढले, असंही त्या पाटीवर लिहिलंय. पुढे काय झालं ते मात्र लिहिलेलं नाही. लोकरीच्या गिरणीत आता महागडे फ्लॅट्स आहेत. बिअरच्या भट्टीच्या जागी सुपरमार्केट आलंय. दोरखंड वळायला जी लांबलचक चिंचोळी जागा लागायची तिथे गाड्या पार्क होतात. हातमोज्यांचं एक देखणं दुकान हाय स्ट्रीटवर उरलंय, पण त्यातले हातमोजे शिवून येतात परदेशातून. पाचांपैकी खरोखर चालू असा एकच धंदा राहिलाय, तो चामड्याचा. आणि गावाला नेमकी त्याचीच गंमत वाटते.

चामडं कमावायचा हा कारखाना, म्हणजे टॅनरी, गावाच्या पार खालच्या टोकाला, नदीकाठी आहे. वास गावात येऊ नये आणि घाण पाणी खाली वाहून जावं म्हणून चामडंवाल्यांना जुन्या काळी तिथे बसवलं होतं. आत ओळीने हौद आहेत. त्यात ओकच्या सालीच्या पाण्यात गाई-बैलांची कातडी वर्षभर मुरत पडलेली असतात. आता तिथे वास येतो तो ओल्या लाकडाचा आणि कडक चहाचा. पण हे कळायला आत पाऊल टाकावं लागतं, आणि गावातले निम्मे लोक जन्मात कधी आत गेलेले नाहीत.

या टॅनरीच्या किल्ल्या कल्याणी रामटेकेकडे आहेत. बाई नागपूरची, तिथल्या इंदोरा वस्तीत वाढलेली, पन्नाशी ओलांडलेली. बुटकी, ठसठशीत, आणि बोलायला लागली की समोरच्याने खुर्ची जरा मागे सरकवावी अशी. कातडं बोटांनी दाबून ते अजून किती मुरायला हवं हे ती सांगते आणि पाठोपाठ प्रयोगशाळेत तपासूनही घेते, कारण नुसत्या बोटांवर विसंबणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही. लग्न झालं, मोडलं, त्यावर ती दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. मुलगी ईशिता मेडनहेडला नोकरी करते आणि सुटीला घरी येते.

कल्याणी चामड्याकडे वळली त्यावरून रामटेक्यांच्या घरात केवढा गहजब झाला होता! तिचे आजोबा उमरेडकडच्या एका खेड्यात गावाची मेलेली ढोरं ओढायचे. मर्जी विचारायची पद्धत नव्हती, ते जन्माने कपाळी आलेलं काम होतं. पाटलाशी बोलायचं तर इतक्या लांब उभं राहावं लागे की साधं बोलणंसुद्धा ओरडून करावं लागायचं. बाबासाहेबांचं म्हणणं त्या खेड्यापर्यंत पोचलं आणि आजोबांनी एका सकाळी निरोप धाडला, यापुढे तुमची ढोरं तुम्हीच ओढा. गावाने त्यांना वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना. तेव्हा आजोबांनी बायकोला घेतलं, कडेवरच्या सुखदेवला घेतलं आणि नागपूर गाठून कापडगिरणीत नोकरी धरली.

तो सुखदेव म्हणजे कल्याणीचे बाबा. रेल्वेत गार्ड होऊन रिटायर झाले. शर्टाची घडी मोडू न देणारा, वक्तशीर, मानी माणूस. मुलगी केमिस्ट्रीत पहिली आली तेव्हा त्यांनी अख्ख्या मोहल्ल्याला पेढे वाटले. तीच मुलगी लीड्सला चामड्याचं रसायनशास्त्र शिकायला निघाली तेव्हा मात्र त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

"ज्याला हात लावायचा नाही म्हणून माह्या बापानं गाव सोडलं, त्यातच तू जाऊन राहिली?" एवढंच ते म्हणाले होते.

"आजोबांनी सक्ती सोडली, बाबा," कल्याणी म्हणाली होती. "मी माझ्या मर्जीने जातेय."

बापलेकीचं बोलणं पुढे सुरू झालं, पण चामडं या विषयावर दोघांमध्ये पडदा राहिला. आणि या वर्षी, कल्याणीची आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सुखदेव पहिल्यांदा मार्लथॉर्पला राहायला आले. त्यातच चार्टर डे आला.

चार्टर डे म्हणजे बाजाराच्या सनदेचा वाढदिवस. त्या दिवशी पाचही धंद्यांची मिरवणूक निघते. पुढे बॅंड, मग गळ्यात साखळी घातलेला मेयर, मग लोकरवाले, बिअरवाले, दोरखंडवाले, हातमोजेवाले. प्रत्येकाचा भरतकाम केलेला मोठा झेंडा, दोन काठ्यांवर ताणलेला. धंदे बुडाले तरी झेंडे जिवंत आहेत. लोकरीचा झेंडा एक इस्टेट एजंट धरतो आणि दोरखंडाचा एक दाताचा डॉक्टर. सगळ्यांत शेवटी चामडंवाले. पण ते हातमोजेवाल्यांना लागून नाहीत. मधे एक बस सहज उभी राहील एवढी जागा मोकळी ठेवायची. त्या मोकळ्या जागेत एक माणूस लॅव्हेंडरच्या सुवासिक फुलांच्या जुड्या उडवत उलट्या पावलांनी चालतो, आणि चामडंवाले जवळ आले की फुटपाथवरच्या लोकांनी नाकं धरायची. मुलं तर वर्षभर याची वाट बघतात. जुन्या काळी चामडंवाल्यांच्या अंगाला खरोखरच वास यायचा, म्हणून अंतर ठेवत. वास जाऊन जमाना लोटला, अंतर तेवढं राहिलं.

इतकी वर्षं तो झेंडा टॅनरीचा जुना मालक केन धरत आला. त्याला काही वाटायचं नाही, उलट तो माकडचाळे करून लोकांना हसवायचा. कल्याणी त्या दिवशी काही ना काही काम काढून टॅनरीतच थांबायची. आता केन गुडघे धरून घरी बसला आणि कारभार तिच्याकडे आला. ज्याच्याकडे टॅनरीच्या किल्ल्या, त्याच्याच हातात झेंडा, हाही गावाचा रिवाजच.

तिने सरळ मिरवणुकीच्या कमिटीत जाऊन विषय काढला. कमिटीचे अध्यक्ष कॉलिन हॅरप, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. माणूस वाईट मुळीच नाही. ती या गावात राहायला आली तेव्हा पहिला केक त्यांनीच आणून दिला होता. लॅव्हेंडर उडवत चालायचा मानही त्यांचाच.

"अंतर काढून टाका," कल्याणी म्हणाली. "मी हातमोज्यांच्या मागे चालेन, नेहमीसारखं, रांगेत."

"अगं, पण तीच तर खरी मजा आहे!" हॅरप म्हणाले. "परंपरा आहे ती. तीनशे वर्षांचा इतिहास आहे."

"दोरखंडाचा झेंडा डेंटिस्ट धरतो, कॉलिन. तो कुठला इतिहास?"

सगळे हसले. हॅरपही हसले. मग त्यांनी चष्मा पुसला आणि मवाळ आवाजात सांगितलं, कोणावर जबरदस्ती नाही. तुला नको असेल तर तुझ्या टॅनरीतल्या वेनला झेंडा धरू दे. नाहीतर या वर्षी चामडंवाल्यांचा झेंडा काढूच नका. पण निघाला तर अंतर राहणार. तसा ठराव झाला आणि सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली.

अपमान करणारा दुष्ट असला तर भांडण सोपं जातं. इथे समोर बिस्किटाची बशी पुढे करणारी माणसं! कल्याणी घरी आली ती धुमसत. बाबांना मात्र ती यातलं काही बोलली नाही, कारण पडदा होता.

तो पडदा हॅरपनीच दूर केला. सकाळी फिरता फिरता ते दारात आले, सुखदेवांशी हात मिळवला आणि चहाला बसले. आपल्याकडच्या पाहुण्याला आपण गणपतीचा थाट सांगावा तशा उत्साहाने त्यांनी मिरवणुकीचं वर्णन केलं. मोकळी जागा, लॅव्हेंडर, धरलेली नाकं, खिदळणारी पोरं. सुखदेवांचं इंग्रजी रेल्वेचं, स्वच्छ. त्यांना शब्दन् शब्द कळत होता.

"आणि त्या मोकळ्या जागेच्या मागे कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"या वर्षी? तुमची मुलगी, मिस्टर रामटेके!" हॅरप अगदी आनंदाने म्हणाले.

सुखदेवांनी कप बशीत ठेवला. पाहुणा जाईपर्यंत ते सभ्यपणे बसून राहिले, दारापर्यंत सोडायलाही गेले. दार लागल्यावर मात्र ते वळले.

"काय सांगून गेला हा माणूस? माहा बाप ज्या अंतरातून उठून आला, तेच अंतर माह्या पोरीसाठी इथं आखून ठेवलंय? अन् तू झेंडा घेऊन त्याच्या मागून चालशील? लोक नाकं धरतील?"

"मी अंतर ठेवणार नाहीये, बाबा."

"ठेवणार नाही म्हणजे? त्यांनी ठराव केला ना?"

"केला. मी मोडणार."

"अन् कायले मोडायचा? नाही जायचं! जिथं आपल्याला मान नाही तिथून उठून यायचं. माह्या बापानं तेच केलं, उपाशी राहिला पण उठून आला."

कल्याणीने कप गोळा करायला घेतले होते, ते परत टेबलावर ठेवले. वडिलांसमोर ती असं कधी बोलली नव्हती, पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं.

"आजोबांना उठून जायला नागपूर होतं. मी इथून उठून कुठे जाऊ? माझं घर इथे आहे. कौन्सिल टॅक्स मी भरते. गावात आता एकच कारखाना चालतो, तो मी चालवते. तिथे बारा घरांच्या चुली पेटतात. आणि मीच घरी बसू? झेंडा नाही निघाला तर त्यांचं काय बिघडतं, बाबा? मिरवणूक होईल, बॅंड वाजेल. आपण नसलो म्हणून कोणी रडणार नाही. मला तिथे असायचंय, आणि त्यांना लागून चालायचंय."

"अन् त्यांनी पुन्हा मागं ढकललं तर?"

"तर पुन्हा पुढे जाईन."

"मी नाही येणार बघायले," सुखदेव म्हणाले. "माह्या बापानं भोगलेलं ते अंतर मी माह्या डोळ्यानं बघणार नाही." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

ते शब्द कल्याणीला फार लागले. परक्यांचं हसणं सोसता येतं, पण बापाने पाठ फिरवली की कणा असलेला माणूसही आतून हलतो. रात्री तिने ईशिताला फोन केला.

"आई, आजोबा रागावला आहे का तुझ्यावर?" ईशिताने विचारलं. तिचं मराठी मेडनहेडच्या मापाचं.

"रागावले आहेत. आणि माझ्यावर नाही, त्या मोकळ्या जागेवर."

"मग तू डरू नको. फुल सपोर्ट. मी शनिवारी ट्रेन पकडते."

शनिवार उजाडला. चौकात झेंडे उघडले, बॅंडवाल्यांनी गाल फुगवून पाहिले. कल्याणीने हिरवी साडी नेसली होती, पायात आपल्याच टॅनरीतल्या चामड्याचे बूट. झेंड्याची दुसरी काठी वेनच्या हातात. वेन तिचा मुख्य कारागीर, दारासारखा रुंद आणि अतिशय कमी बोलणारा.

"तुला हे पटतंय ना, वेन? नाहीतर आत्ता सांग."

"माझा बाप ही काठी धरायचा," वेन म्हणाला. "त्याला घरी आल्यावर हसू यायचं नाही." त्याने काठी खांद्याला टेकवली. इतकं लांब वाक्य त्याने वर्षभरात उच्चारलं नव्हतं.

पुढे हातमोज्यांचा झेंडा. तो धरला होता हाय स्ट्रीटवरच्या दुकानवाल्या साराने, उंच टाचांचे बूट घालून. तिच्या आणि कल्याणीच्या मधे ती मोकळी जागा, आणि जागेत हॅरप, हातात लॅव्हेंडरच्या जुड्या, डोक्याला पिसांची टोपी. बॅंड सुरू झाला, मेयर निघाला, एकेक झेंडा हलला. हॅरपनी कल्याणीला हाताने खूण केली, थांब, थांब, अंतर पडू दे.

कल्याणी थांबली नाही. साराने पाऊल टाकलं तेव्हा तिनेही टाकलं, फक्त जरा मोठं.

हॅरप उलटे चालत होते, त्यामुळे तो झेंडा आपल्या अंगावर येतोय हे त्यांना समोर दिसत होतं. ते हसले. मग त्यांनी पावलांचा वेग वाढवला. कल्याणीनेही वाढवला. हॅरप मागे सरकत सरकत साराच्या पाठीवर आदळले. साराने दचकून पाय उचलला आणि पुढे चालणाऱ्या दाताच्या डॉक्टरला धडक दिली. डॉक्टर बिअरवाल्यांवर गेला, बिअरवाले लोकरवाल्यांवर. बघता बघता अख्खी मिरवणूक घाईची लागल्यासारखी धावायला लागली. बॅंडची चाल भलतीच जलद झाली आणि ट्रॉम्बोनवाल्याचा श्वास तुटला. मेयर गळ्यातली साखळी दोन्ही हातांनी धरून, लालबुंद होऊन, पाठीमागे बघत पळत होता. आपल्याला कोण पळवतंय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. एक बाई हौशीने फोटो काढत होती, तिच्या फोटोत सगळे पुसट आले.

"कल्याणी! अंतर!" हॅरप ओरडले.

"नाही, कॉलिन."

"ठराव झालाय!"

"माझ्याशिवाय झाला."

चर्चच्या वळणावर चढ लागतो. तिथे सारा थांबली. चक्क रस्त्याच्या मधे थांबली.

"मी या बुटांत पळणार नाही," तिने जाहीर केलं. मग मागे वळून कल्याणीकडे पाहिलं, कल्याणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. "आणि का पळतोय आपण? ती येतेय तर येऊ दे की."

झेंडा थांबला म्हणून पाठोपाठ सगळेच थांबले. हॅरप दोन झेंड्यांच्या मधे अडकले, हातात लॅव्हेंडर, टोपी तिरकी. कल्याणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काठी तिने घट्ट धरली होती.

"कॉलिन, बाजूला हो. नाहीतर आमच्याबरोबर चल. मधे मात्र उभा राहू नकोस."

"ही फक्त गंमत आहे गं," हॅरप हळू आवाजात म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"माझ्या आजोबांना असंच लांबवर उभं राहून बोलावं लागायचं. गाव सोडेपर्यंत. त्यांना कधी गंमत वाटली नाही, आणि मलाही वाटत नाही."

हॅरपनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं. मग लॅव्हेंडर खाली धरलं आणि ते कडेला सरकले. जागा संपली. चामडंवाल्यांचा झेंडा हातमोज्यांच्या झेंड्यामागे आला आणि मिरवणूक पुन्हा चालायला लागली.

पण रस्त्यावर अंतर मिटलं म्हणून लोकांची सवय थोडीच मिटते! बाजारचौकाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना माणसं खच्चून उभी होती. मधे काय घडलं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चामड्याचा झेंडा पाहिला आणि दरवर्षीप्रमाणे हसत हसत नाकं धरली. बायकांनी धरली, बाप्यांनी धरली, खांद्यावर बसलेल्या पोरांनी धरली. कल्याणीने मान ताठ ठेवली, नजर समोर ठेवली. हॅरपशी भांडता आलं, ठरावाशी भांडता आलं. या शेकडो हातांशी कसं भांडायचं हे तिला कळेना. डोळे भरून आले तसा तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तेवढ्यात गर्दीत कोणीतरी गरजलं.

"हॅंड डाउन, मिस्टर!"

तो आवाज प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा होता. सुखदेव फुटपाथच्या कडेला उभे होते. अंगात कोट, शर्टाची कॉलर कडक, शेजारी ईशिता. त्यांच्या पुढ्यात एक धिप्पाड गोरा माणूस नाकावर चिमूट धरून उभा होता, आणि सुखदेव त्याच्या त्या हाताकडे बोट दाखवत होते.

"हात खाली! माझी मुलगी येतेय ती. तिच्या कारखान्याचा झेंडा आहे. हात खाली घ्या, सगळ्यांनी!"

त्या माणसाने भांबावून हात खाली घेतला. त्याच्या शेजारच्या बाईने घेतला. एका पोराने तसंच नाक धरून ठेवलं होतं, त्याचा हात त्याच्या आजीने ओढून खाली केला. सगळ्यांनी काही घेतले नाहीत. पलीकडच्या बाजूला काही जण अजून हसत होते. सुखदेव तिकडेही वळून पुन्हा ओरडले आणि ईशिताही त्यांच्याबरोबर ओरडायला लागली.

मग सुखदेव फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरले. मुलीच्या बाजूने, झेंड्याला लागून, ते चालायला लागले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते बघत होते पुढे, साराची पाठ आणि कल्याणीचा झेंडा यांच्या मधल्या हातभर जागेकडे.

"पुढं सरक, कल्याणी," ते म्हणाले. "अजून जागा आहे."